पडद्यावरील ठिपके आणि त्यांचा दुभाषी

आपल्या आदिलाबाद जिल्ह्याच्या नारनूर मंडलात गुंजाला नावाचे गोंडांचे एक खेडे आहे. हैदराबाद विद्यापीठातील प्राध्यापक जयधीर तिरुमल राव व त्यांचे सहकारी यांना ह्या खेड्यात सुमारे डझनभर जुनी हस्तलिखिते आढळली. त्यांची भाषा गोंडी. परंतु लिपी देवनागरीही नव्हे आणि तेलुगूही नव्हे. ह्या लिपीला आता ‘गुंजाला गोंडी’ असे नाव मिळाले आहे. २०१४ साली तिचा प्राथमिक संगणकीय टंक लोकांपुढे आला आणि २०१८ सालच्या जून महिन्यात युनिकोडच्या ११.० ह्या आवृत्तीत तिच्या ६३ चिन्हांना स्थान मिळाले. युनिकोड म्हणजे जगातील लिप्यांच्या प्रत्येक चिन्हास एकेक क्रमांक नेमून देणारी सर्वमान्य यादी, हे वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस ठाऊक असेलच.

येथे एक प्रश्न मनात उभा राहतो. ज्या कारखानदाराने गुंजाला हे नावही कधी ऐकले नसेल, त्याने ह्या घटनेच्या कितीतरी आधी बनविलेल्या संगणकावर ही अक्षरे उमटतात तरी कशी? त्याच्या यंत्रात ती कोणी भरून ठेवली?

हा प्रश्न पोरकट नाही. एके काळी संगणकावर देवनागरी अक्षर उमटविण्यासाठी यंत्राच्या पोटात खरोखरच निराळे काहीतरी बसवावे लागत असे. कानपूरच्या आय.आय.टी.मध्ये आरंभ झालेल्या संशोधनातून पुण्याच्या सी-डॅक ह्या संस्थेने १९८०च्या दशकाच्या अखेरीस ‘जिस्ट’ नावाचे एक कार्ड तयार केले. ते संगणकाच्या खाचेत बसविले की इंग्रजीखेरीज काही न जाणणाऱ्या त्या यंत्राच्या पडद्यावर मराठी, तेलुगू इत्यादी भारतीय लिप्या दिसू लागत. त्या काळी ती मोठीच सोय होती. आज असे कार्ड कोणी विकत घेत नाही. अक्षराचा आकार टंकातून घेणे, काना-मात्रा-वेलांटी योग्य जागी बसविणे, जोडाक्षरे जुळविणे ही सारी कामे आता सामान्य प्रोग्रॅम करतात आणि शेवटी उरतात ते केवळ रंगीत ठिपके. यंत्राला मराठीही कळत नाही आणि गोंडीही कळत नाही. त्यास ठिपके तेवढे कळतात. हे ठिपके पडद्यापर्यंत पोहोचविणारा जो प्रोग्रॅम, त्याला ‘ग्राफिक्स ड्रायव्हर’ म्हणतात. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

ड्रायव्हर म्हटले की आपल्यापुढे आर.टी.सी.च्या बसचे चाक हाती धरलेला मनुष्य उभा राहतो. येथे ती कल्पना फारशी उपयोगी नाही. माझ्या मते आपल्या जिल्ह्यातील मुलांस ‘दुभाषी’ हा शब्द अधिक चांगला समजेल. उटनूर किंवा इच्चोडा येथील बाजारात मराठी, तेलुगू, गोंडी, उर्दू व बंजारा ह्या साऱ्या बोली एकाच वेळी कानी पडतात. अशा बाजारात दोन्हीकडची भाषा जाणणारा मनुष्य मध्ये असला की सौदा सुरळीत होतो. तो नसला, किंवा त्याने एक सांगितले असता दुसरेच कळविले, की भांडण ठरलेले. संगणकातही असाच प्रकार आहे. एका बाजूस कर्नेल आहे. कर्नेल म्हणजे संगणकाच्या कार्यप्रणालीचा गाभा. स्मृतीतील जागा कोणास द्यावयाची, प्रक्रियकाचा वेळ कोणास किती द्यावयाचा, हे तो ठरवितो. दुसऱ्या बाजूस ग्राफिक्स चिप आहे. तिची भाषा म्हणजे विशिष्ट पत्त्यांवर लिहावयाचे विशिष्ट अंक. आणि प्रत्येक कारखानदाराच्या चिपेची भाषा निराळी, किंबहुना एकाच कारखानदाराच्या दोन पिढ्यांचीही निराळी. ह्या दोहोंमधील दुभाषी म्हणजे ड्रायव्हर होय.

आता ह्या दुभाष्याचे काम किती आहे ते पाहू. आजच्या साधारण पडद्यावर आडवे १९२० व उभे १०८० ठिपके असतात. रांगोळीचे ठिपके मोजावे तसा गुणाकार केला तर ते २०,७३,६०० भरतात. प्रत्येक ठिपक्यास चार बाइट लागतात: तांबडा, हिरवा व निळा ह्या रंगांस एकेक आणि एक राखीव. म्हणजे एका चित्रास ८२,९४,४०० बाइट झाले. हे चित्र पडद्याकडे सेकंदास साठ वेळा पाठवावे लागते. गुणाकार केल्यास आकडा ४९,७६,६४,०००, म्हणजे जवळजवळ पन्नास कोटी येतो. आणि हे सारे एका सेकंदात! संगणकावर कोणी काहीच करीत नसला, नुसते एक पान उघडून समोर बसला असला, तरी पडद्यावरील चित्र टिकविण्यासाठी ही रहदारी चालूच असते.

हे ठिपके वाटेल तेव्हा पाठवून चालत नाही. पूर्वीच्या काचेच्या नळीच्या पडद्यांत इलेक्ट्रॉनांचा झोत एक ओळ रंगवून झाली की पुढच्या ओळीच्या आरंभाशी परत येई आणि सर्व ओळी संपल्या की तळातून पुन्हा माथ्याशी जाई. ह्या परतीच्या प्रवासास वेळ द्यावा लागे. ते पडदे गेले, तथापि तो रिकामा वेळ हिशेबात राहून गेला. वर सांगितलेल्या पडद्यासाठी प्रमाण हिशेबात एका ओळीत १९२० ऐवजी २२०० ठिपक्यांचा वेळ धरतात आणि १०८० ऐवजी ११२५ ओळींचा. २२०० × ११२५ × ६० हा गुणाकार विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहावा. उत्तर १४,८५,००,००० येईल. एवढे ठोके दर सेकंदास देणारे घड्याळ चिपेत नेमके जुळविणे हे ड्रायव्हरचे पहिले काम होय. घड्याळ चुकले की पडदा काळा राहतो किंवा थरथरतो.

तो रिकामा वेळ मात्र फुकट गेलेला नाही. चित्र पडद्याकडे जात असतानाच ते बदलले, तर वरचा अर्धा भाग जुना व खालचा अर्धा नवा असे फाटके दृश्य दिसेल. म्हणून स्मृतीत दोन पाट्या ठेवतात. एक पाटी लोकांस दाखवीत असता दुसरी मागे रंगवावयाची; आणि शेवटची ओळ गेली व पहिली ओळ अजून सुरू झाली नाही, त्या क्षणार्धात पाट्यांची अदलाबदल करावयाची. हा क्षण आला की चिप कर्नेलला इशारा देते व ड्रायव्हर अदलाबदल उरकतो. नाटक मंडळीत एक पडदा पडून दुसरा वर जाण्याच्या आत रंगमंचावरील सामान बदलणारे लोक असतात, त्यांच्याच जातीचे हे काम आहे.

परंतु समोरच्या पडद्यास किती ठिपके झेपतात हे ड्रायव्हरला कळते कसे? तर पडदा स्वतःच ते सांगतो. प्रत्येक पडद्यात १२८ बाइटांचे एक लहानसे ओळखपत्र साठविलेले असते. १९९४ साली त्याची पहिली रूपरेषा ठरली. त्याचे पहिले आठ अंक ठरलेले आहेत: आधी एक शून्य, मग सहा वेळा २५५, मग पुन्हा शून्य. पुढे कारखानदाराची खूण, बनविल्याचे साल, पडद्याची लांबी-रुंदी वगैरे माहिती असते. शेवटचा १२८वा अंक असा निवडलेला असतो की, सर्व अंकांच्या बेरजेस २५६ ने निःशेष भाग जावा. भाग गेला नाही तर ओळखपत्र वाटेत बिघडले असे समजावे. ही युक्ती किती सोपी आणि किती चोख आहे! तथापि काही पडदे स्वतःविषयी चुकीची माहितीही देतात, म्हणजे बेरीज बरोबर पण मजकूर चूक. म्हणून लिनक्स कर्नेलमध्ये अशा पडद्यांची एक यादीच ठेवलेली आहे: अमक्या कारखानदाराच्या अमक्या क्रमांकाच्या पडद्याने असे सांगितले तर ते तसे न धरता असे धरावे. त्या यादीतील एकेक ओळ म्हणजे कोणा एका मनुष्यास आलेल्या अडचणीचा निकाल आहे.

हे ओळखपत्र ज्या बारीक तारांतून येते, त्यांपैकी एखादी तुटली की ड्रायव्हर निरुपायाने १०२४ × ७६८ असे बेताचे माप धरून चालतो. मग रुंद पडद्यावर चित्र ताणले जाते आणि मुलांनी काढलेले वर्तुळ अंड्यासारखे दिसते. अशा वेळी पुष्कळ लोक संगणकास दोष देतात. खरा दोष स्वस्त केबलीचा असतो.

येथपर्यंत जे सांगितले ते केवळ चित्र दाखविण्याविषयी झाले. चित्र काढण्याचे काम निराळेच आहे. त्यासाठी ड्रायव्हरचे दोन भाग करतात. आज्ञांचे चिपेच्या भाषेत रूपांतर करणारा मोठा भाग कर्नेलच्या बाहेर राहतो. लिनक्सवर तो ‘मेसा’ नावाच्या ग्रंथसंग्रहात असून त्याचा आरंभ ब्रायन पॉल ह्यांनी १९९३ साली केला. कर्नेलच्या आतील भाग स्मृतीची वाटणी करतो, कोणाचे काम आधी व कोणाचे मागून ते ठरवितो, आणि चिप अडून बसली तर तिला पुन्हा उठवितो. हा आतला भाग लहान असला तरी जोखमीचा. बाहेरचा प्रोग्रॅम चुकला तर तो एकटा बंद पडतो; कर्नेलमधील ड्रायव्हर चुकला तर सारे यंत्रच थांबते, कारण गाभ्याच्या आत त्याला अडविणारे कोणी नसते.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. दुभाष्याने आपली विद्या गुप्त ठेवली तर काय होते?

लिनक्स कर्नेल १९९१ साली हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स ह्या विद्यार्थ्याने लिहावयास घेतला. त्याचा मूळ मजकूर कोणीही वाचावा, बदलावा व इतरांस द्यावा, अशी मुभा आहे. (गंमत अशी की, ज्या मुक्त संगणक-चळवळीने अशी मुभा रूढ केली, तिचे जनक रिचर्ड स्टॉलमन ह्यांना प्रथम चीड आली ती एका छपाई यंत्राच्या प्रोग्रॅमचा मूळ मजकूर मागूनही मिळाला नाही म्हणून.) परंतु ग्राफिक्स चिपा करणाऱ्या कित्येक कंपन्या आपल्या चिपेची भाषा सांगावयास तयार नव्हत्या. ड्रायव्हर आम्ही लिहू, तुम्ही तो मिटल्या डोळ्यांनी वापरा, असे त्यांचे म्हणणे. ह्याचा परिणाम समजण्यासाठी एकाच कंपनीच्या दोन चिपांची हकीकत पुरे आहे.

इंटेल कंपनीची ९१५ ह्या नावाची चिप २००४ साली निघाली. तिचा ड्रायव्हर खुला होता. त्यात पुढच्या पिढ्यांची भर पडत गेली आणि आजही लिनक्समध्ये तो ‘आय-९१५’ ह्या जुन्याच नावाने चालतो. त्या जुन्या चिपांची भाषा त्यातून काढून टाकलेली नाही. ह्याच कंपनीने २००८ साली लहान, स्वस्त संगणकांसाठी एक निराळा चिपसंच काढला. त्यातील चित्रे काढणारा भाग दुसऱ्या कंपनीकडून परवान्याने घेतलेला होता आणि त्याची भाषा गुप्त होती. लिनक्ससाठी जो ड्रायव्हर मिळाला तो बंद पेटीसारखा. कर्नेल पुढे गेला, ड्रायव्हर मागे राहिला, आणि धडधाकट यंत्रे असूनही ती नव्या कर्नेलवर नीट चालेनात. पुढे २०११ साली अॅलन कॉक्स ह्यांच्या खटपटीने एक खुला ड्रायव्हर कर्नेलमध्ये आला. त्याने पडद्यावर चित्र दिसू लागले. परंतु त्रिमिती चित्रे भराभर काढण्याची चिपेची शक्ती काही त्याच्या हाती लागली नाही, कारण ती भाषा कोणीच सांगितली नाही. पहिली चिप वयाने वडील, दुसरी धाकटी. तरी धाकटी आधी निकामी झाली. ज्या घरात किंवा ज्या शाळेत एक संगणक दहा-दहा वर्षे पुरवून वापरावा लागतो, त्यांच्या दृष्टीने हा फरक पैशांचा आहे.

कंपनी सांगत नसेल तर भाषा शिकावयाची कशी? बाजारात दुभाष्याशेजारी वही घेऊन बसावे आणि तो काय बोलला व समोरच्याने काय केले हे टिपून घ्यावे, तसेच. एन्व्हिडिया कंपनीच्या चिपांसाठी २००५ साली ‘नूवो’ नावाचा प्रकल्प स्टेफान मार्शेझाँ ह्यांनी सुरू केला. कंपनीचा बंद ड्रायव्हर चालू ठेवावयाचा, तो चिपेच्या कोणत्या पत्त्यावर कोणता अंक लिहितो त्याची कर्नेलमधून नोंद घ्यावयाची. मग एकच गोष्ट बदलावयाची, उदाहरणार्थ तांबड्या त्रिकोणाऐवजी हिरवा काढावयाचा, आणि दोन नोंदींत कोठे फरक पडला ते पाहावयाचे. फरक पडला तेथे रंगाचा पत्ता! अशा हजारो प्रयोगांतून शब्दकोश जमत गेला व २०१० साली हा ड्रायव्हर कर्नेलमध्ये दाखल झाला. पुढे २०१४ नंतरच्या चिपांत कंपनीने स्वतःची सही असलेल्या अंतर्गत प्रोग्रॅमखेरीज घड्याळाची गती वाढू न देण्याची व्यवस्था केली. त्यामुळे खुल्या ड्रायव्हरखाली त्या चिपा मंद गतीने रखडत चालत. २०२२ सालच्या मे महिन्यात मात्र त्याच कंपनीने आपल्या नव्या चिपांसाठी कर्नेलमधील भागाचा मूळ मजकूर खुला केला. ए.एम.डी. कंपनीने हा मार्ग त्यापूर्वीच धरला होता. तिने २००७ साली आपल्या चिपांची माहिती प्रसिद्ध करण्याचे जाहीर केले.

आपल्या वाचकांस विशेष वाटावी अशी हकीकत ‘पॅनफ्रॉस्ट’ ह्या ड्रायव्हरची. मोबाइल फोनांत व लहान संगणकांत ‘माली’ नावाच्या चिपा असतात. त्यांची भाषाही गुप्तच होती. अॅलिसा रोझेनझ्वाइग ह्या अमेरिकन मुलीने ती शोधून काढण्याचे काम अंगावर घेतले, तेव्हा ती अद्याप महाविद्यालयातही गेलेली नव्हती. २०१९ साली हा ड्रायव्हर लिनक्सच्या ५.२ ह्या आवृत्तीत आला. तिच्यापाशी प्रयोगशाळा नव्हती. एक लहानसे यंत्र होते, आणि चिकाटी होती. आपल्या देशातही हे काम परके नाही. हैदराबादेस ए.एम.डी.चे, बेंगळुरूस इंटेलचे आणि पुण्यास एन्व्हिडियाचे अभियंते बसतात. आदिलाबादहून हैदराबाद एका रात्रीच्या प्रवासाच्या आत आहे.

ड्रायव्हर लिहिणे एक वेळ सोपे, त्यातील दोष शोधणे कठीण, असे ह्या विद्येतील जाणते लोक म्हणतात आणि ते खरे दिसते. पहिली अडचण पाहा. इतर प्रोग्रॅम चुकला तर तो चुकीचा संदेश पडद्यावर दाखवितो. ग्राफिक्स ड्रायव्हर चुकला तर पडदाच काळा! तोंडाला कुलूप लागलेल्या रोग्याने आपले दुखणे वैद्यास सांगावे कसे? म्हणून कर्नेल आपल्या प्रत्येक कृतीची रोजनिशी ठेवतो आणि शोधक मनुष्य दुसऱ्या संगणकावरून, तार जोडून किंवा जाळ्यामार्फत, ती रोजनिशी वाचतो. २०२४ साली लिनक्सच्या ६.१० ह्या आवृत्तीत एक सोय झाली: कर्नेल कोसळताना तो मोजक्या आज्ञांनी पडद्यावर अखेरचा संदेश लिहू शकतो. त्यानंतर थोड्याच दिवसांत तो संदेश, दुकानात पैसे देताना आपण टिपतो तशा, चौकोनी क्यू-आर चिन्हाच्या रूपानेही देता येऊ लागला. फोनने टिपला की सारी हकीकत हाती येते.

दुसरी अडचण वेळेची. चिप व प्रक्रियक ही दोन्ही एकाच वेळी आपापले काम करीत असतात. समजा, स्मृतीतील एक जागा चित्रासाठी दिली, चित्र संपले समजून ती परत घेतली व दुसऱ्यास दिली. आणि चिपेचे काम मात्र अजून उरकले नव्हते. मग ती चिप दुसऱ्याच्या घरात रांगोळी घालीत बसते. असा दोष हजारात एखाद्या वेळीच दिसतो. आणखी विपरीत म्हणजे, तो पकडण्यासाठी जास्त नोंदी लिहू लागावे तर लिहिण्याच्या वेळाने सारे काम किंचित मंदावते आणि दोष नाहीसाच होतो! यासाठी कर्नेलमध्ये पहारेकरी ठेवलेले आहेत. एक पहारेकरी परत घेतलेल्या प्रत्येक जागेवर खूण करतो. तेथे कोणी पाय ठेवला की तत्काळ ओरडतो. दुसरा कुलुपांवर लक्ष ठेवतो. वर्गात एकाने खडू धरून डस्टरची वाट पाहावी आणि दुसऱ्याने डस्टर धरून खडूची, तर दोघेही तास संपेपर्यंत उभेच राहतील. असा तिढा प्रत्यक्ष पडण्यापूर्वीच, कोणी कोणत्या क्रमाने काय उचलले एवढ्यावरून, हा पहारेकरी धोका सांगतो. २००६ पासून तो लिनक्समध्ये आहे.

चित्र बरोबर उमटले की नाही हे तपासावयास माणूस बसवून भागत नाही, डोळा थकतो. कित्येक चिपा पडद्याकडे जाणाऱ्या प्रत्येक चित्राची एक ताळ्याची संख्या स्वतःच काढतात. तेच चित्र दोन निराळ्या मार्गांनी काढावयाचे आणि दोन्ही संख्या जुळतात का ते पाहावयाचे. एका ठिपक्याचा रंग बदलला तरी संख्या बदलते. ड्रायव्हरात फेरफार झाला की अशा शेकडो परीक्षा यंत्रेच घेतात.

परंतु सर्वांत सुंदर युक्ती मला वाटते ती अर्धे-अर्धे करण्याची. लिनक्सची नवी आवृत्ती साधारणपणे नऊ-दहा आठवड्यांनी निघते व तीत दहा-पंधरा हजार बदल असतात. समजा जुन्या आवृत्तीत चित्र नीट दिसत होते आणि नव्या आवृत्तीत पडदा काळा पडतो. चौदा हजार बदलांपैकी अपराधी कोणता? एकेक तपासावा तर दिवसास दहा ह्या हिशेबाने जवळजवळ चार वर्षे जातील. त्याऐवजी मधला सात हजारावा बदल घ्यावा व तेथपर्यंतचा कर्नेल चालवून पाहावा. चित्र दिसले तर दोष पुढच्या अर्ध्यात, न दिसले तर मागच्या अर्ध्यात. उरलेल्या सात हजारांचे पुन्हा दोन भाग करावे. दोनाचा चौदावा घात १६,३८४ असल्यामुळे चौदा परीक्षांत एकच बदल हाती उरतो. खेड्याकडे जाणाऱ्या विजेच्या लांब तारेवर बिघाड कोठे आहे हे शोधताना लाइनमन पहिल्या खांबापासून शेवटच्यापर्यंत चढत-उतरत नाही. तो आधी मधल्या ठिकाणी पाहतो. तीच ही रीत.

हिचा खरा मोठेपणा असा की, ती करण्यासाठी ड्रायव्हरातील एकही ओळ समजावी लागत नाही. दिसते की दिसत नाही, एवढे सांगता आले म्हणजे झाले. ज्या यंत्रात दोष दिसतो ते यंत्र पुष्कळदा अभियंत्यापाशी नसतेच. ते दूर कोठेतरी एखाद्या घरात किंवा शाळेत असते. तेथील मनुष्याने चौदा वेळा कर्नेल बनवून, चौदा वेळा यंत्र चालू करून अपराधी बदलाचा क्रमांक लिहून कळविला की, ज्याने तो बदल केला त्यालाच दोष दुरुस्त करणे भाग पडते. न जमल्यास तो बदल मागे घेतला जातो. वापरणाऱ्याचे चालत असलेले काम नव्या आवृत्तीने मोडू नये, हा टोरवाल्ड्स ह्यांचा दंडक आहे व त्याविषयी ते फार कडक आहेत. हे सारे शक्य होते, कारण प्रत्येक बदल, तो करणाराचे नाव व तारीख उघड्या वहीत नोंदलेली आहे. बंद पेटीच्या बाबतीत बाहेरच्या मनुष्यास मधला बदल कोणता हेच ठाऊक नसते, मग अर्धे करणार कशाचे?

ज्या विद्यार्थ्यांच्या घरी किंवा शाळेत लिनक्सवर चालणारा जुना संगणक असेल, त्यांनी कर्नेलची रोजनिशी एकदा अवश्य उघडून पाहावी. डी, एम, ई, एस, जी ही पाच इंग्रजी अक्षरे लागोपाठ लिहून दिलेली आज्ञा त्यासाठी पुरते. काही यंत्रांवर ती चालविण्यासाठी व्यवस्थापकाची परवानगी लागते. हजारभर ओळी येतील, त्यांनी गांगरून जाऊ नये. डी-आर-एम ही तीन अक्षरे असलेल्या ओळी तेवढ्या निवडाव्या. त्या ग्राफिक्स ड्रायव्हरच्या आहेत. त्यांत ड्रायव्हरचे नाव, त्याची आवृत्ती आणि चिपेचा पत्ता दिलेला आढळेल. मग पडद्याची केबल काढून पुन्हा जोडावी व शेवटी नवी ओळ उमटते का ते पाहावे. उमटलेली प्रत्येक ओळ तारखेसह वहीत उतरून ठेवावी. पुढे कधी पडदा काळा पडला तर कालपर्यंत काय लिहून येत होते आणि आज काय येत नाही, हे त्या वहीवरून ताडून पाहता येईल.